अंगाचं माप

आमच्या दुकानात मापं दोन चालतात, एक अंगाचं आणि एक कापडाचं. अंगाचं माप टेपवर दिसतं, मास्तरांच्या ओठांवर येतं आणि तिथंच विरतं. वहीत उतरतं ते कापडाचं. छाती अडतीस भरली तर वहीत बेचाळीस. कंबर बत्तीस, तर वहीत चौतीस. मधलं जे वाढीव, ती माया. माणसाला श्वास घेता यावा, जेवून खाली बसता यावं, पुढच्या वर्षी अंग सुटलं तर शिवण उसवून घेता यावी म्हणून सोडलेलं कापड. बाकीचे शिंपी अंगाचं माप लिहितात आणि माया कापताना धरतात. मास्तर म्हणतात, कात्री हातात आली की माणूस घाईला येतो. पेन हातात असताना डोकं ठिकाणावर असतं. म्हणून त्यांची माया पेनातून उतरते. गेली चाळीस वर्षं उतरते आहे.

मास्तर म्हणजे माझे सासरे. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, मी बाबा म्हणते. कात्री त्यांची, मशीन माझं, काजं-बटणं आणि इस्त्री आमच्या ह्यांची. तीन माणसांचं दुकान, आणि त्या दिवसांत चौथं माणूस माझ्या पोटात, एकवीस आठवड्यांचं. मशीनवर बसले की ते गप्प व्हायचं आणि पायडल थांबलं की लाथा मारायचं. हे म्हणायचे, "मालक आहे तो. कारागीर थांबला की ओरडतो."

एकवीस आठवड्यांची तपासणी चौकापलीकडच्या केंद्रात होती. ह्यांच्या हातात बँडवाल्यांचे अठरा कोट होते, त्यामुळे माझ्यासोबत बाबा आले. डॉक्टर तरुण होता, बोलका होता. पोटावर गार मलम लावलं, यंत्र फिरवायला लागला, हे पाय, हा पाठीचा कणा, हे बघा हृदय कसं टकटकतंय. मग यंत्र वर डोक्याकडे गेलं आणि त्याचं बोलणं बंद झालं. मशीनचा धागा तुटला तरी सुई वर-खाली होतच राहते, तसा त्याचा हात नुसता फिरत राहिला.

"घरचं कुणी आलंय का?" त्यानं विचारलं.

मी पडद्याआड पोट पुसत होते, शेजारी बेसिनचा नळ चालू होता. पलीकडे तो बाबांना सांगत होता ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. बाळाच्या डोक्यात पाणी साठतंय. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांची रुंदी दहा मिलिमीटरच्या आत हवी, ती जास्त भरली आहे. किती भरली तो आकडा नळानं खाल्ला. प्रिंटर बंद होता, कागद दोन दिवसांनी मिळणार होता. पण आता वेळ घालवू नका, दोन आठवड्यांच्या आत मोठ्या इस्पितळात दाखवा, असं त्यानं बजावलं. मी बाहेर आले तेव्हा बाबा खिशातली वही मिटत होते. कुणी आकडा सांगावा आणि बाबांनी तो लिहू नये, असं आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

दोन दिवसांनी हे कागद आणायला गेले तर केंद्राला कुलूप. दारावर पाटी, घरी आजारपण असल्याने काही दिवस बंद.

त्या दोन आठवड्यांत मी किती शिवलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की पाण्याच्या आवाजाकडे माझा कान लागून राहायचा. बादली भरताना, कुणी चूळ भरताना, पन्हळीतून थेंब पडताना. माझ्या बाळा, सगळ्या जगाचं पाणी वाहतंय, तुझंच तेवढं का रे अडलं?

मोठं इस्पितळ बसनं दोन तासांवर. तिथल्या सर्जन बाई उंचीला माझ्या खांद्यापर्यंतही नव्हत्या. चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. परिचारिका आपसांत त्यांना छोट्या बाई म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. सकाळपासून आमच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पोटातलं थोडं पाणी तपासायला काढून झालं, एमआरआयच्या मोठ्या खडखडणाऱ्या बोगद्यात झोपवून झालं. दुपारी बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं, पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर पेन्सिलीनं बाळाचं डोकं काढलं.

"पाणी वाईट नाही हं," त्या म्हणाल्या. "हे पाणी मेंदूच तयार करतो. तुमच्या-माझ्या डोक्यात आत्ता ते खेळतंय. आतल्या खोल्यांतून एका अरुंद बोळातून ते बाहेर पडतं. बाळाचा तो बोळ बुजलाय. पाणी तयार होतंय, जायला वाट नाही. मग खोल्या फुगतात आणि मेंदू कवटीला दाबला जातो."

"मग उपाय?" ह्यांनी विचारलं.

"एरवी जन्म झाल्यावर नळी घालतात. पण तोवर मेंदू कित्येक आठवडे दाबात राहतो. आम्ही काही थोड्या बाळांना पोटात असतानाच एक बारीक नळी घालून बघतोय. डोक्यातलं जास्तीचं पाणी बाळाच्या भोवतीच्या पाण्यात सोडायचं. पूर्वीही लोकांनी हे केलं होतं. नीट जमलं नाही, सोडून दिलं. आता यंत्रं चांगली आहेत, आणि कुणाला करायचं, कुणाला नाही, हे आम्ही जास्त पारखून ठरवतो. तरी खात्री मागू नका. ही ट्रायल आहे."

"ट्रायलशिवाय आम्हीसुद्धा कपडा देत नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले.

बाई हसल्या. मग चष्मा कपाळावरून खाली आला. "पारखायचं ते वाढीवर. पाणी झपाट्यानं वाढत असेल तरच मी हात घालते. जागच्या जागी असेल तर पिशवीला उगाच भोक पाडणार नाही. त्यातून पाणी गळतं, बाळ वेळेआधी येतं, जिवावरही बेततं. आज रुंदी सोळा आहे. दोन आठवड्यांपूर्वी किती होती?"

बाबांनी वही काढली. बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "पंधरा."

"कागद?"

"केंद्र बंद आहे हो बाई. पण आकडा चुकायचा नाही. डॉक्टर बोलला तसा तिथल्या तिथं टिपलाय."

बाईंनी फाइलीत लिहिलं, घरच्यांच्या सांगण्यावरून. मी ते उलट्या बाजूनं वाचलं. मग त्या थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिल्या. "पंधराचे सोळा. म्हणजे जवळजवळ जागेवरच. एक मिलिमीटरचा फरक तर मोजणाऱ्या हाताचाही असतो. या आकड्यांवर सुई घालणं मला पटत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. मात्र सव्वीस आठवडे उलटले की ही नळी घालायची नाही, असं आमचं ठरलेलं आहे."

मी बोटांवर हिशेब केला. तेवीस आणि तीन.

"आणि तेव्हा वाढलेलं निघालं तर?"

"तर मग जन्मानंतर जे होईल ते करू," बाई म्हणाल्या. "कागद हाती आला तर मात्र लगेच कळवा."

खरं सांगायचं तर आम्ही तिघं आनंदात परतलो. जागेवरच आहे! सुई नको, भोक नको. बसमध्ये हे म्हणाले, "आपल्या घरातलं पोर आहे. थोडं फुगलं, मग म्हणालं, पुरे." बाबा खिडकीशी बसून वही खिशावरून चाचपत होते, कुणाला तरी वेळेवर छत्री दिलेल्या माणसासारखे. मी कितीतरी दिवसांनी झोपले, ह्यांच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून.

चौथ्या दिवशी सकाळी बसचा कंडक्टर पँट टाकायला आला. बाबा माप घेत होते, तो वहीत डोकावत होता.

"मास्तर, माझी कंबर छत्तीस? कधी झाली? बायकोला कळलं तर माझी एक पोळी बंद होईल!"

"तुमची चौतीसच आहे," बाबा म्हणाले. "छत्तीस तुमच्या पँटची. माझी वही अंगाचं माप लिहीतच नाही."

कंडक्टर हसला, हे हसले. माझा पाय पायडलवर थांबला.

पोटात लाथ बसली.

मी उठले. कंडक्टर बाहेर पडेपर्यंत कशीबशी थांबले, मग वही हातात घेतली आणि पानं मागे उलटत गेले. पोस्टमनचा कोट, पाठ वीस, बाही पंचवीस. खाली कुणा मुलीचा शाळेचा फ्रॉक. आणि दोघांच्या मध्ये, त्याच अक्षरात, त्याच रेषेवर, बाळाचं डोकं, पंधरा.

"बाबा," मी म्हणाले, "हे पंधरा अंगाचं की कापडाचं?"

"काय?"

"डॉक्टर तोंडानं किती म्हणाला होता?"

"लिहिलंय की समोर."

"लिहिलंय ते दिसतंय. तो काय म्हणाला ते विचारतेय मी."

बाबांनी चष्मा पुसला, वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग हळूच स्टुलावर बसले. त्यांचा हात मांडीवरच्या टेपशी खेळत होता, आणि मी त्या हाताकडे बघत होते, तेही त्या हाताकडेच बघत होते.

"लहान गोल मापाला मी तीन धरतो," ते म्हणाले. "बाहीच्या मुंढ्याला तीन, टोपीला तीन."

"अहो बाबा, पण ते गिऱ्हाइकाचं माप नव्हतं!" ह्यांचा आवाज चढला. "डॉक्टरचं होतं, यंत्राचं होतं!"

"मला कळतं रे. मला कळतं. या हाताला कुठं कळतंय?" त्यांनी हात वर केला. "त्याचं तोंड आठवतंय मला. भिंतीवरचं घड्याळ आठवतंय. पावणेबारा झाले होते. आकडा आठवत नाही. लिहून झालं की आकडा मी डोक्यात ठेवत नाही, कशाला ठेवू? पंधरा म्हणाला असेल आणि मी पंधराच लिहिलं असेल. नाहीतर बारा म्हणाला असेल..."

बाराचे सोळा. आम्ही तिघंही माप जाणणारी माणसं. बारा आणि सोळात किती अंतर असतं ते कुणी कुणाला सांगायला नको होतं.

बाबांनी चपला घातल्या आणि गेले. ह्यांना बरोबर येऊ दिलं नाही. केंद्र अजून बंदच होतं. शेजारच्या औषधवाल्याकडून त्यांनी डॉक्टरच्या घरचा पत्ता काढला, चालत घर गाठलं. डॉक्टर आजारी आईला चमच्यानं पेज भरवत होता. बाबांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. डॉक्टरनं वाटी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, आईला शेवटचे दोन चमचे भरवले, तोंड पुसलं, शेजारणीला बसवलं आणि किल्ल्या घेऊन निघाला. हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं. बाबांनी यातलं काही सांगितलं नाही. ते परत आले ते हातात कागद घेऊन. डॉक्टरनं स्वतःच्या हातानं लिहिलेला, शिक्का मारलेला, आणि यंत्राच्या पडद्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवलेला.

"बारा," बाबा म्हणाले.

मग मागे जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्या पहिली बस. बाईंशी मी बोलणार. तू एक अक्षर काढायचं नाहीस."

"मी कशाला बोलू, मी काय सांगणार आहे?"

"सांगशील. तुझा स्वभाव आहे तो. म्हणशील, ऐकण्यात आमचीच चूक झाली. तसं म्हणायचं नाही."

माझ्या सासऱ्यांचा एकही कपडा चाळीस वर्षांत परत आला नव्हता. बाजारात ते हे दहादा सांगत, आणि बाजार कंटाळून का होईना मान डोलवी. दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत ते खुर्चीत बसलेच नाहीत. वही टेबलावर उघडी ठेवली, शेजारी कागद ठेवला. मायेचं काय असतं ते समजावलं, गोल मापाला तीन कसे ते समजावलं. पोराच्या डोक्याला मी टोपी शिवायला निघालो होतो बाई, असं म्हणाले आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

"बसा, मास्तर."

"नको. उभाच बरा आहे."

बाई उठल्या. मला टेबलावर घेतलं, स्वतः यंत्र फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अठरा. बारा, सोळा, अठरा. त्यांनी फोन उचलला आणि कुणाला तरी सांगितलं, परवा सकाळची खोली मला हवी, बाकीचं सरकवा.

फोन ठेवून त्या बाबांकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही आला नसता तर मला हे कधीच कळलं नसतं. आणि ऐका. कागद नव्हता, तर मी तीन आठवडे न थांबता चार दिवसांनीच बोलवायला हवं होतं. तेव्हा ही चूक निम्मी तुमची, निम्मी माझी."

"नाही बाई," बाबा म्हणाले. "माप माझं."

"बरं. तुमचं माप. आता मला माझी सुई लावू द्या."

त्या क्षणी मला वाटलं, या दोघांच्या पाया पडावं. वयात तीस वर्षांचं अंतर, एकाच्या हातात कात्री, दुसरीच्या हातात सुई, आणि दोघांनाही स्वतःला वाचवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला कंबरेखाली बधिर केलं. जागं ठेवलं होतं. छताला दुधी काचेचा दिवा, उजव्या हाताला पडदा, त्यावर राखाडी धुक्यात माझं बाळ. बाईंनी आधीच सांगितलं होतं की बाळालाही मांडीत भुलीचं इंजेक्शन देणार, त्याला काही दुखणार नाही. फक्त त्याआधी त्यानं नीट वळायला हवं. डोकं बाहेरच्या बाजूला हवं, ठराविक जागा समोर यायला हवी. आणि आमचं रत्न माझ्या पाठीच्या कण्यात तोंड खुपसून बसलेलं.

बाईंनी पोटावर हात ठेवून हलकेच ढकललं. सरकलं, परत तिथंच. टेबल डावीकडे कललं, उजवीकडे कललं. वीस मिनिटं गेली. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "आपण त्याच्या घरी आलोय. दार उघडेपर्यंत थांबायला हवं."

"आणि नाहीच उघडलं तर?" मी विचारलं.

"तर उद्या येऊ. उद्या नाही तर परवा. तू त्याची काळजी करू नकोस, तू नुसती श्वास घे."

तुम्हीचं तू कधी झालं ते मला कळलंच नाही.

माझ्या आईला हात चालले की ओळी सुटायच्या. भांडी घासताना, कपडे पिळताना ती जुळवत राहायची, एकदा म्हटलेलं पुन्हा तसंच म्हणायची नाही. मला ओळी सुचतात त्या मशीनवर, पायडलच्या ठेक्यावर. तिथं पाय बधिर होते. पण टेबलाखाली कसलंसं यंत्र एका लयीत घुरघुरत होतं, त्यावर माझ्या तोंडून निघालं:

थोडं वळ रे बाळा, मागं पाठ लाव,
दारी आलं कुणी, त्याला वाट दाव.

"काय म्हणालात?" परिचारिकेनं विचारलं.

"काही नाही."

"म्हणा ना पुन्हा."

मी म्हटलं. मग आणखी एक सुचली:

पाणी तुझ्या माथी, पाणी तुझ्या भोती,
मधली भिंत उघडाया माणसं किती होती!

भूल देणारे डॉक्टर मास्कच्या आत हसले ते त्यांच्या डोळ्यांवरून दिसलं. खोलीत खरंच किती माणसं होती! मी मोजली, नऊ. नऊ अनोळखी माणसं सकाळी आंघोळ करून, आपापली घरं मागं ठेवून, माझ्या एका न जन्मलेल्या बाळासाठी मान वाकडी करून पडद्याकडे बघत होती. एखाद्याच्या वाट्याला एवढी माणसं येतात?

बाळ वळलं. ओळींनी वळलं असं मी म्हणणार नाही. बाळं वळायची तेव्हा वळतात. पण वळलं, आणि बाई "हां" म्हणाल्या, आणि सगळे एकदम कामाला लागले.

पडद्यावर एक पांढरी रेघ आत शिरताना दिसली. शिंप्याच्या नजरेनं मी तिच्याकडे बघत होते. हात बाईंचा, पण बोटं माझी आखडली होती. रेघ सरळ गेली, कुठं चुकली नाही, कुठं थरथरली नाही. सुईच्या पोकळीतून नळी उतरली. दोन्ही टोकांना वेटोळं, निसटू नये म्हणून. एक वेटोळं आतल्या खोलीत, एक बाहेरच्या पाण्यात. सुई मागे आली. बाईंनी किती वेळ श्वास धरला होता कोण जाणे, तो सोडलेला मला ऐकू आला.

"गेली जागेवर," त्या म्हणाल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. परिचारिकेनं माझ्या कानाजवळचे केस मागे सारले, तेव्हा कळलं की ते ओले झाले होते.

दुसऱ्या दिवशी अठराचे चौदा. पुढच्या आठवड्यात बारा. मग तेरा, आणि तेराच. मी इस्पितळासमोरच्या एका खोलीत राहिले, पडून राहिले. पाणी गळलं तर लगेच गाठता यावं म्हणून. हे आठवड्यातून दोनदा येत आणि काजं करायचे शर्ट बरोबर आणत, माझ्या उशाशी बसून काजं करत. बाबा दर तपासणीला येत. आकडा सांगितला की डॉक्टरांना म्हणत, "पुन्हा सांगा." दुसऱ्यांदा ऐकून मग मला विचारत, "काय म्हणाले?" मी सांगायचे. तरी दुकानातल्या वहीची रीत त्यांनी बदलली नाही. "गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?" असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी आम्हाला फसवी आशा कधी दिली नाही. एका तपासणीत खुर्ची माझ्या जवळ ओढून म्हणाल्या, "ही नळी जन्मापर्यंतची. नंतर दुसरी लागेल, कदाचित जन्मभर. मेंदूला आपण जागा मिळवून दिली. त्या जागेत तो काय करेल ते मला सांगता येत नाही. चालेल, बोलेल, उशिरा करेल, काही करणार नाही, यातलं काहीही मी लिहून देणार नाही. आधी बघायचं ते एकच, बाळ चोखतं का. चोखणं, गिळणं, श्वास घेणं एका लयीत जमवणं, हे त्या मेंदूचं पहिलं मोठं काम."

मग माझ्या सगळ्या काळजीला तेवढं एकच तोंड उरलं. चोखेल ना?

छत्तिसाव्या आठवड्यात पोट उघडून तिला बाहेर काढलं. मुलगी. रडली, पण चिमणीच्या पिल्लाएवढी. मला दाखवली न दाखवली तोच घेऊन गेले. चौथ्या दिवशी, ती पोटात असताना घातलेली नळी काढून आतून दुसरी बसवली, कानामागून मानेत आणि मानेतून पोटात उतरणारी. त्यानंतर नाकात दुधाची नळी. मी दर तीन तासांनी दूध काढून बाटलीत भरून द्यायचे, आणि काचेबाहेर उभी राहून ते दूध तिच्या नाकातून उतरताना बघायचे. जिभेला लागतच नव्हतं ते. तिला माहीतही नसेल की दूध गोड असतं.

एकदा परिचारिकेनं बोट धुऊन तिच्या ओठांना लावलं. ओठ हलले, थांबले. दुसऱ्या दिवशी तेच. हे मला धीर द्यायला म्हणाले, "झोपाळू आहे, माझ्यावर गेलीय." पण त्यांचा आवाज कोरडा होता. बाबा बाकावर बसून होते.

दहाव्या दिवशी सकाळी परिचारिकेनं मला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. "आज छातीशी धरून बघू. नाहीच जमलं तर लगेच वाईट वाटून घ्यायचं नाही, कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. खोटंच म्हणाले.

तिला माझ्या हातात दिलं. किती हलकी होती, आणि डोकं तेवढं भारी, तळहातात मावून थोडं उरणारं. कानामागच्या टाक्यांकडे माझी नजर गेलीच. बारीक, एकसारखे, कुठं ओढलेले नाहीत. असे टाके मला जन्मात घालता यायचे नाहीत. तिचं तोंड छातीला लावलं. तिनं नाक घासलं. डोळे मिटलेलेच. दुधाचा एक थेंब ओठांवर गेला आणि तिथंच थांबला. मी वाट बघितली. परिचारिका वाट बघत होती. दारात हे उभे होते, त्यांच्यामागे बाबा, टोपी हातात घेऊन.

जीभ बाहेर आली. थेंब पुसून आत गेली.

मग तिनं तोंड उघडलं, चुकलं, पुन्हा उघडलं आणि धरलं. आणि ओढलं.

एवढंसं ओढणं, पण ते माझ्या पाठीपर्यंत गेलं. मग थांबली. माझा जीव तिथंच अडला. पुन्हा ओढलं. गिळल्याचा आवाज आला, अगदी बारीक, पाण्यात खडा पडावा तसा. श्वास घेतला. पुन्हा ओढलं. ओढणं, गिळणं, श्वास. ओढणं, गिळणं, श्वास. कुणी शिकवलं तिला? कधी शिकली?

"अगं बाई," परिचारिका म्हणाली. "ही तर भुकेली आहे!"

दारात हे रडत होते की हसत होते, मला नीट दिसलं नाही. बाबांनी बाहेर जाऊन कुणाला तरी सांगितलं असावं, कारण छोट्या बाई आल्या, हिरव्या टोपीतच, दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात. दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिल्या. चष्मा कपाळावर होता, तो खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला त्यांना काय काय सांगायचं होतं. त्या सकाळी खोलीतल्या त्या नऊ जणांचे आभार मानायचे होते, ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. आईला शेवटचे दोन चमचे भरवून निघालेल्या त्या डॉक्टरचे. तोंडापर्यंत सगळं आलं आणि तिथंच राहिलं. निदान हात तरी जोडावेत म्हणून मी डावा हात काढायला गेले, तर तिचं डोकं कलंडलं, तोंड सुटलं आणि ती कुरकुरली.

"अगं, हात काढू नकोस," बाई चटकन म्हणाल्या. "असू दे. पिऊ दे तिला."

मी हात परत मानेखाली दिला. तिनं शोधलं, धरलं. बाई अजून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग, कुणीतरी त्यांची वाट बघत असणार, पाऊल न वाजवता निघून गेल्या.